डीडी-२१४ वर पदक राहून गेलंय? लष्करी नोंद दुरुस्त करून घेण्याची पूर्ण माहिती

अमेरिकन सैन्यातून बाहेर पडताना हातात पडणारा सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे डीडी-२१४. नोकरी, घराचं कर्ज, व्हीएचं (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचं) हॉस्पिटल, अंत्यसंस्कारातला लष्करी मान, सगळीकडे तोच दाखवावा लागतो. तो तयार होतो मात्र सैन्यातून सुटण्याच्या धावपळीत. घरी जायची ओढ असते, समोरचा मसुदा घाईत वाचून सही होते आणि पदकांच्या रकान्यात काय राहिलं ते कित्येकांना फार उशिरा कळतं.

मी आर्मीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीतून इराकला गेले होते. माझ्या डीडी-२१४ वर कॉम्बॅट ॲक्शन बॅज, म्हणजे प्रत्यक्ष चकमकीत असल्याबद्दल मिळणारा बिल्ला, चढलेला नव्हता. तो मी नंतर अर्ज करून मिळवला. पुढे ओळखीतल्या काही माजी सैनिकांचे अर्जही बसून तयार केले, त्यात व्हिएतनामला जाऊन आलेले एक वयस्कर शेजारीही होते. इथल्या मराठी घरांतून मुलंमुली सैन्यात जातात, पण आईवडिलांना या कागदपत्रांतलं काही माहीत नसतं आणि मराठीत कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून जमेल तेवढं सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. तुम्ही लढलात की नाही याबद्दल अर्ज वाचणाऱ्याच्या मनात राग किंवा संशय नसतो. पण तो निर्णय देतो कागदावर, आणि त्यातही घटनेच्या काळात तयार झालेल्या कागदाला सगळ्यात जास्त वजन देतो. आज लिहिलेली दहा पानी हकिकत आणि त्या आठवड्यात कुणी कारकुनाने टाइप केलेली दोन ओळींची ऑर्डर यांत ऑर्डर जिंकते. पुढची सगळी मेहनत ती ओळ शोधण्यासाठी आहे.

१. नेमकं काय राहिलंय ते आधी ठरवा

डीडी-२१४ चा रकाना १३ उघडा. पदकं, बॅज, रिबन आणि युनिटला मिळालेले सन्मान तिथे असतात. व्हिएतनामच्या काळातल्या फॉर्मवर रकान्याचा क्रमांक वेगळा सापडेल, पण मजकूर तोच. शेजारी कोरा कागद घेऊन राहिलेल्या प्रत्येक सन्मानाचं पूर्ण नाव लिहा. ‘माझी पदकं मिळाली नाहीत, कृपया द्यावीत’ असा अर्ज कुणालाच नीट हाताळता येत नाही.

मग प्रत्येक नावापुढे ते खालच्यापैकी कशात बसतं ते लिहा.

पहिला प्रकार: पदक दिलं गेलं, ऑर्डर निघाली, पण डीडी-२१४ वर चढलं नाही. हे सगळ्यात सोपं.

दुसरा प्रकार: तुम्ही त्या ठिकाणी, त्या काळात होता म्हणून जे आपोआप लागू होतं ते. व्हिएतनाम सर्व्हिस मेडल आणि त्यावरचे ब्राँझ तारे, इराक कॅम्पेन मेडल, युनिटला मिळालेले सन्मान यात येतात. इथे तारखा आणि युनिट सिद्ध झालं की काम होतं.

तिसरा प्रकार: कॉम्बॅट बॅज किंवा पर्पल हार्ट (शत्रूच्या कारवाईत जखमी झाल्याबद्दलचं पदक), ज्याचे निकष तुम्ही पूर्ण केले होते, पण कुणी कागद पुढे सरकवलाच नाही. इथे घटना सिद्ध करावी लागते. बहुतेक लोक याच प्रकारात अडकतात.

चौथा प्रकार: शौर्यपदक. सिल्व्हर स्टार, ‘व्ही’ चिन्हासह ब्राँझ स्टार वगैरे. इथे ‘माझा हक्क आहे’ असं म्हणता येत नाही, कारण शौर्यपदक शिफारशीवर आणि वरिष्ठांच्या निर्णयावर मिळतं. शिफारस कधी झालीच नसेल तर ती आता कुणीतरी, शक्यतो त्या वेळच्या कमांडरने किंवा घटना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने, नव्याने करावी लागते. आर्मीत त्यासाठी डीए-६३८ फॉर्म आहे. मुदत उलटून गेलेली असली तर काँग्रेसच्या सदस्यामार्फत प्रकरण पाठवता येतं. ती तरतूद कायद्याच्या १० व्या खंडात कलम ११३० मध्ये आहे.

२. निकष शब्दशः वाचा

आर्मीचे सगळे निकष एआर ६००-८-२२ या नियमावलीत आहेत आणि ती इंटरनेटवर फुकट वाचता येते. तुमच्या पदकाचा परिच्छेद छापून घ्या आणि प्रत्येक अटीसमोर ‘हे मी कशाने दाखवणार?’ हे लिहा. मी ज्यांचे अर्ज पाहिले त्यांच्यातली बरीचशी निराशा या पायरीवरच टळली असती.

कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज, म्हणजे सीआयबी, १९४३ पासून आहे. त्यासाठी इन्फंट्री किंवा स्पेशल फोर्सेसची स्पेशालिटी हवी, नेमणूक ब्रिगेड किंवा त्याहून लहान इन्फंट्री युनिटमध्ये हवी आणि ते युनिट जमिनीवरच्या लढाईत असताना तुम्ही स्वतः तिथे हजर हवेत. तोफखान्यातले, रणगाड्यांवरचे, इंजिनिअर असलेले कित्येक जण इन्फंट्रीच्या खांद्याला खांदा लावून लढले, तरी त्यांना सीआयबी लागू होत नाही. हे अन्यायाचं वाटतं, आणि व्हिएतनामच्या पिढीतल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मलाही फार वाईट वाटतं. पण या मुद्द्यावरचे अर्ज फेटाळले जातात. वय झालेल्या माणसाला खोटी आशा लावू नका.

वैद्यकीय सैनिकांसाठी कॉम्बॅट मेडिकल बॅज आहे. बाकी सगळ्यांसाठी २००५ मध्ये कॉम्बॅट ॲक्शन बॅज आला, तो १८ सप्टेंबर २००१ पासूनच्या घटनांना लागू आहे. त्याआधीच्या युद्धांना तो लागत नाही. शत्रूने तुमच्यावर हल्ला केला किंवा तुम्ही शत्रूवर केला आणि तुम्ही स्वतः तिथे होता, हे त्याचं मर्म. तळावर दूर कुठेतरी तोफगोळा पडला आणि आवाज ऐकू आला, एवढ्यावर भागत नाही. स्फोट तुमच्यापासून किती अंतरावर झाला, हे अर्जात येऊ द्या.

नेव्ही आणि मरीनचं कॉम्बॅट ॲक्शन रिबन १९६९ मध्ये सुरू झालं, पण नंतरच्या कायद्याने ते ७ डिसेंबर १९४१ पर्यंत मागे लागू झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या नौसैनिकांच्या घरच्यांना हे बहुधा माहीतच नसतं. एअर फोर्सचं कॉम्बॅट ॲक्शन मेडल २००७ चं, ११ सप्टेंबर २००१ पासून लागू.

दुसऱ्या महायुद्धात ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात ज्यांना सीआयबी किंवा मेडिकल बॅज नावानिशी ऑर्डरमध्ये मिळाला, त्यांना ब्राँझ स्टारही लागू होतो. घरात आजोबांची, पणजोबांची कागदपत्रं असतील तर हे तपासाच.

पर्पल हार्टला तीन गोष्टी लागतात: जखम झाली, ती शत्रूच्या कारवाईत झाली आणि वैद्यकीय माणसाने उपचार करून त्याची सरकारी नोंद झाली. तिन्ही हव्यात. नुसता अपघात, हिमबाधा, उष्माघात, पीटीएसडी (युद्धाच्या आघातानंतरचा मानसिक त्रास) यांना ते मिळत नाही. स्फोटामुळे मेंदूला बसलेला मार निकषात बसू शकतो. २०११ मध्ये त्याबद्दलचे नियम स्पष्ट झाले आणि ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या घटना त्याखाली पुन्हा पाहता येतात. स्फोटानंतर चक्कर, उलटी, आठवण न राहणं यासाठी मेडिककडे गेलेल्यांनी ती नोंद शोधावी.

३. आपली पूर्ण फाईल मागवा

जुन्या नोंदी मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहेत. फॉर्म एसएफ-१८० भरून टपालाने किंवा नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावरून मागणी करता येते. अलीकडे सुटलेल्यांना मिलकनेक्ट या संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर लॉगिन करून स्वतःची फाईल पाहता येते. सैनिकाला स्वतःला, आणि तो हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकांना, नेहमीच्या मागणीसाठी पैसे पडत नाहीत. तुमची डीडी-२१४ किंवा फाईल लगेच काढून देतो म्हणून फी मागणारे बाहेर बरेच आहेत. त्यांना एक डॉलरही देऊ नका.

मागणीत ‘डीडी-२१४’ एवढंच लिहिलंत तर तेवढंच येईल. ‘संपूर्ण कार्मिक फाईल आणि वैद्यकीय नोंदी’ असं स्पष्ट लिहा.

फाईल आली की घाई न करता एकेक पान बघा. व्हिएतनामच्या काळातल्या आर्मी सैनिकाच्या फाईलमध्ये डीए फॉर्म २० असतो, जाड पुठ्ठ्यासारखा, दोन्ही बाजूंनी भरलेला. त्यातल्या रकाना ३८ मध्ये तुम्ही कोणत्या तारखेला कोणत्या युनिटमध्ये होता ते असतं, ४० मध्ये जखमा, ४१ मध्ये पदकं. माझ्या शेजाऱ्यांच्या डीए फॉर्म २० वर रकाना ४१ मध्ये बॅजचं नाव आणि शेजारी जनरल ऑर्डरचा क्रमांक फिकट शाईत होता, तो डीडी-२१४ वर कधी उतरलाच नव्हता. त्यांच्या कामाला तेवढी एक ओळ पुरली. अशी ओळ सापडली तर तुम्ही पहिल्या प्रकारात गेलात, तिसऱ्यात राहिला नाहीत.

आता आगीबद्दल. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या या इमारतीत आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी फाईली जळाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सुटलेल्या आर्मी सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी गेल्या. एअर फोर्समध्ये २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात सुटलेल्यांपैकी, वर्णानुक्रमात हबर्ड या आडनावानंतर येणाऱ्यांच्या सुमारे ७५ टक्के नोंदी गेल्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

‘तुमची फाईल आगीत गेली’ असं पत्र आलं म्हणून थांबू नका. सेंटर दुसऱ्या साधनांतून नोंद उभी करतं आणि तुमच्याकडून युनिट, तारखा, तळांची नावं विचारणारा फॉर्म १३०५५ भरून घेतं. तो जितका नेमका, तितकं हाती लागतं. मॉर्निंग रिपोर्ट म्हणजे कंपनीचा रोजचा हजेरीपत्रक-वजा अहवाल. कोण जखमी झालं, कोण हॉस्पिटलात गेलं, कोण परत आलं हे त्यात येतं. पगाराची व्हाउचरं, हॉस्पिटलात दाखल झाल्याच्या नोंदी, व्हीएकडे कधी दावा केला असेल तर तिथली फाईल, ही सगळी जिवंत साधनं आहेत.

४. बोर्डाआधीची जवळची वाट

लोक थेट बोर्डाकडे, म्हणजे लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या आपल्या दलाच्या मंडळाकडे, अर्ज टाकतात आणि बराच काळ वाट पाहून उत्तर येतं की आधी प्रशासकीय मार्ग वापरा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातल्या चुका बोर्डाशिवाय दुरुस्त होतात. आर्मीसाठी केंटकीमधल्या फोर्ट नॉक्सच्या ह्यूमन रिसोर्सेस कमांडमधली पदकांची शाखा, नेव्हीसाठी टेनेसीतल्या मिलिंग्टनचं पर्सोनेल कमांड, मरीनसाठी क्वांटिकोचं मुख्यालय, एअर फोर्ससाठी सॅन अँटोनियोचं पर्सोनेल सेंटर. जुन्या सैनिकांची मागणी आधी सेंट लुईसला जाते आणि तिथून गरजेप्रमाणे पुढे सरकते.

कॉम्बॅट ॲक्शन बॅजसारखा तिसऱ्या प्रकारातला दावाही आधी इथेच पाठवावा. मंजूर झाला तर डीडी-२१५ निघतो. डीडी-२१४ सहसा पुन्हा छापत नाहीत. डीडी-२१५ हा त्याला जोडायचा दुरुस्तीचा कागद असतो. नकार आला तर पत्र जपून ठेवा, कारण ‘आम्ही आधीचा मार्ग वापरला’ हे बोर्डाला दाखवायला तेच लागतं.

एक गैरसमज फार आढळतो. व्हीए आणि आर्मी ही वेगवेगळी खाती आहेत. व्हीएने तुम्हाला युद्धातल्या जखमेसाठी अपंगत्वाची टक्केवारी दिली असेल तर तो चांगला पुरावा आहे, पण त्यामुळे पर्पल हार्ट मिळत नाही. डीडी-२१४ बदलण्याचा अधिकार व्हीएला नाही.

५. पुरावा गोळा करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अर्ज एका बैठकीत भरून होतो, पण पुराव्याला महिने लागले तरी लागू द्या.

काय काय शोधायचं:

• डिप्लॉयमेंटची आणि युनिटमध्ये नेमणुकीची ऑर्डर
• त्या महिन्यांच्या पगारपावत्या, ज्यावर हॉस्टाइल फायर पे दिसतो
• घटनेच्या काळातले वैद्यकीय कागद, मेडिकची चिठ्ठीसुद्धा
• त्या काळातलं मूल्यमापन, त्यात चकमकीचा उल्लेख असला तर फारच उत्तम
• युनिटचे रोजचे अहवाल आणि जर्नल. जुन्या युद्धांचे मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथे नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मिळतात
• युनिटमधल्या इतरांना त्याच घटनेसाठी निघालेल्या ऑर्डर
• त्या वेळी घरी पाठवलेली पत्रं, ईमेल, तारखेसह फोटो

शेवटून दुसरी गोष्ट अधोरेखित करते. ट्रकमध्ये तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला त्याच दिवसासाठी बॅज मिळाला असेल तर त्याची ऑर्डर मागून घ्या. घटना घडली हे त्या कागदाने सिद्ध होतं. मग तुम्ही त्या ट्रकमध्ये होता एवढंच दाखवायचं उरतं.

पगारपावतीबद्दल थोडी सावधगिरी. हॉस्टाइल फायर पे मिळाला याचा अर्थ तुम्ही धोक्याच्या प्रदेशात होता. तुमच्यावर प्रत्यक्ष गोळीबार झाला हे त्यातून निघत नाही. पावती दुसऱ्या पुराव्याच्या जोडीला ठेवा, एकटी पाठवू नका.

साक्षीदारांचं लेखी निवेदन बहुतेकांना सैल लिहून मिळतं. ‘ती फार शूर सैनिक होती, तिला बॅज मिळायलाच हवा’ अशा पत्राचा उपयोग नाही. निवेदन असं हवं, अर्थात इंग्रजीत:

‘मी त्या दिवशी ताफ्यातल्या तिसऱ्या ट्रकवर गनर होतो. अर्जदार माझ्या पुढचा ट्रक चालवत होती. आमच्यात साधारण पन्नास मीटर अंतर होतं. रस्त्याच्या उजव्या कडेला स्फोट झाला, तिच्या ट्रकची पुढची काच फुटलेली मी पाहिली. त्यानंतर डाव्या बाजूच्या भिंतीमागून गोळीबार सुरू झाला. तिने ट्रक न थांबवता ताफ्यातून बाहेर काढला. हे मी स्वतः पाहिलं आहे. वरील मजकूर खरा आहे, खोटा ठरल्यास मी कायद्याने शिक्षेस पात्र आहे हे मला माहीत आहे.’

खाली नाव, त्या वेळची रँक, युनिट, तारीख, सही, सध्याचा पत्ता आणि फोन. नोटरी केली तर छानच. ‘पेनल्टी ऑफ पर्जुरी’ असं लिहून सही केलेलं निवेदनही चालतं. दोन साक्षीदार असावेत, आणि दोघांनी आपापल्या शब्दांत लिहावं. दोघांची वाक्यं तंतोतंत सारखी असतील तर वाचणाऱ्याला ती कुणी एकाने लिहून दिल्याचं लगेच कळतं. जी गोष्ट साक्षीदाराने पाहिली नाही ती त्याने लिहू नये. आणि आठवत नाही तिथे आठवत नाही म्हणावं. वीस वर्षांनी नेमकी वेळ सांगणारा साक्षीदार उलट संशय निर्माण करतो.

जुने सोबती शोधायला युनिटच्या संघटना आणि त्यांचे स्नेहमेळावे कामी येतात. व्हिएतनामच्या पिढीच्या बाबतीत हे आत्ताच करा. साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत.

६. नावाचा घोळ आधी सोडवा

आपल्या लोकांसाठी हे वेगळं लिहिते, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत ते येत नाही. भरती होताना वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागलेलं असतं, नागरिकत्व घेताना ते गाळलं जातं, लग्नानंतर आडनाव बदलतं. डीडी-२१४ वर एक नाव, साक्षीदाराच्या पत्रात टोपणनाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर तिसरंच. अर्जात सैन्यातलं नाव जसंच्या तसं, त्याच स्पेलिंगने लिहा. बदल झाला असेल तर विवाहाचा दाखला किंवा नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरचा नावबदल जोडा. साक्षीदारालाही सांगा की निवेदनात तुमचं त्या वेळचं पूर्ण नाव लिही.

१९६९ च्या मध्यापर्यंत आर्मीत सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी वेगळा सर्व्हिस नंबर वापरत. त्या काळातल्या सैनिकाच्या अर्जात तोही द्या.

७. डीडी-१४९ भरणं

बोर्डाकडे जायचा फॉर्म सगळ्या दलांसाठी एकच: डीडी-१४९. पत्ते फॉर्मच्या सूचनांमध्येच असतात, ताज्या आवृत्तीतले घ्या. आर्मीचा अर्ज ऑनलाइनही करता येतो. मरीनचे अर्ज नेव्हीच्या बोर्डाकडे जातात, कोस्ट गार्डचं बोर्ड होमलँड सिक्युरिटी खात्यात आहे. सैनिक हयात नसेल तर जोडीदार, वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतो. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा लागतो.

‘काय दुरुस्त करायचं’ या जागी एकच वाक्य पुरेसं आहे: माझ्या डीडी-२१४ च्या रकाना १३ मध्ये अमुक बॅज समाविष्ट करावा. ‘का’ या जागी घटना, तारीख, ठिकाण, युनिट, निकषातली प्रत्येक अट आणि ती कोणत्या जोडपत्राने पूर्ण होते ते. जोडपत्रांना क्रमांक द्या आणि मजकुरात तोच क्रमांक वापरा. कमांडरने डावललं, कारकून आळशी होता, असं काहीही लिहू नका, खरं असलं तरी. त्याने निर्णयात भर पडत नाही.

मुदतीबद्दल: चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांत अर्ज करावा असा कायदा आहे, पण न्यायाच्या हितासाठी बोर्ड ती मुदत माफ करू शकतं. फॉर्ममध्ये चूक कधी कळली ते आणि उशीर का झाला ते विचारलेलं असतं. ती जागा रिकामी सोडू नका. आजारपण, नोंदी आगीत जळणं, नियमाची माहिती नसणं, साक्षीदार अलीकडेच सापडणं, जे खरं असेल ते सरळ लिहा.

मूळ कागद कधीही पाठवू नका, फक्त प्रती. आणि सही करण्याआधी फॉर्मवरची शिक्षेची सूचना वाचा. खोटं विधान हा फेडरल गुन्हा आहे.

वकील लागतोच असं नाही. अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी आणि काउंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर विनामूल्य मदत करतात. शौर्यपदक किंवा गुंतागुंतीचं पर्पल हार्ट प्रकरण असेल तर मात्र या कामातल्या वकिलाचा सल्ला घ्यावा असं माझं मत आहे.

८. पाठवल्यानंतर

आर्मीच्या बोर्डात निर्णय देणाऱ्या पॅनेलवर किमान तीन नागरी अधिकारी असतात. ते तपास करत नाहीत, समोर आलेला कागद वाचतात. गृहीत असं धरलेलं असतं की त्या वेळी सैन्याने आपलं काम नीट केलं, ते तसं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी तुमची. पुरावा शंभर टक्के नको, पण पारडं तुमच्या बाजूला झुकायला हवं. समोर हजर राहायची विनंती करता येते, पण ती क्वचित मान्य होते. कागदच बोलके करा.

मध्येच एखादं पत्र येऊ शकतं, त्यासोबत ह्यूमन रिसोर्सेस कमांडचं मत जोडलेलं असतं. ते तुमच्या विरोधात असलं तरी घाबरू नका, आणि दुर्लक्षही करू नका. उत्तर द्यायला दिवस मोजके मिळतात. त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला मुद्देसूद उत्तर लिहून पाठवा.

कायद्याने ९० टक्के प्रकरणं १० महिन्यांत संपवावीत आणि कुठलंही १८ महिन्यांपलीकडे सहसा जाऊ नये असं ठरलेलं आहे. दर आठवड्याला फोन करून गती येत नाही. पत्ता बदलला तर मात्र त्याच दिवशी कळवा.

वाट पाहताना एक काम करा. बोर्डांचे जुने निर्णय, नावं काढून टाकलेले, इंटरनेटवर सार्वजनिक आहेत. तुमच्या बॅजचं नाव टाकून शोधा. मंजूर आणि नामंजूर दोन्ही वाचा, कोणत्या कागदाने निकाल फिरला ते स्पष्ट दिसतं. खरं तर हे अर्ज करण्याआधीच वाचलेलं उत्तम.

९. नकार आला तर

निर्णयाचं पत्र फाडून टाकावंसं वाटेल. थोडे दिवस बाजूला ठेवा आणि मग फक्त चर्चेचा भाग वाचा. कोणती अट सिद्ध झाली नाही ते तिथे लिहिलेलं असतं. त्या अटीपुरता नवा पुरावा मिळाला तर फेरविचाराचा अर्ज करता येतो. तेच कागद पुन्हा पाठवले तर काही होत नाही. त्यापुढे फेडरल कोर्ट आहे, तिथे वकिलाशिवाय जाऊ नये.

१०. मंजूर झालं तर

डीडी-२१५ हातात आला की आधी त्यावरचं स्पेलिंग तपासा, मग डीडी-२१४ ला कायमचा जोडा. काउंटीत तुमचं डीडी-२१४ नोंदवलेलं असेल तर तिथे डीडी-२१५ ही नोंदवा. त्याआधी ती नोंद लोकांना पाहता येते का ते विचारा, कारण त्यावर खाजगी माहिती असते. प्रत्यक्ष पदक किंवा बॅज आपोआप आला नाही तर मागून घ्या. आर्मीची पदकं फिलाडेल्फियातून पाठवली जातात.

आणि व्हीएला प्रत द्या, हे फार जण विसरतात. पर्पल हार्ट असलेल्याला व्हीएच्या आरोग्यसेवेत प्राधान्य गट ३ मिळतो. ११ सप्टेंबर २००१ किंवा त्यानंतर मिळालेल्या पर्पल हार्टवर पोस्ट-९/११ जीआय बिलचे पूर्ण शैक्षणिक लाभ लागू होऊ शकतात. कॉम्बॅट बॅज नोंदीत आला की लढाईत झालेल्या दुखापतीचा किंवा पीटीएसडीचा दावा मांडताना तुमच्या स्वतःच्या कथनाला जास्त वजन मिळतं. असा दावा पूर्वी पुराव्याअभावी फेटाळला गेला असेल तर तुमच्या सर्व्हिस ऑफिसरला डीडी-२१५ दाखवा आणि तो पुन्हा उघडता येईल का ते विचारा.